बरणीतला चेहरा

१

बरणीत पाणी होतं. पाण्यात किरणोत्सारी औषधाचा एक थेंब होता, नीट ढवळलेला. तिसरं काही नव्हतं. तरीही पडद्यावर चेहरा आला.

तो आधी तंत्रज्ञ ताईंनी पाहिला. त्यांनी आरडाओरड केली नाही. खुर्ची मागे सारली, खोलीतले सगळे दिवे लावले, दार सताड उघडं टाकलं आणि मग मोजणीबाईला बोलावलं.

मोजणीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. रुग्णालयात नवं यंत्र आलं की ते खरं बोलतं की थापा मारतं हे तपासायचं, हा तिचा धंदा. आणि जिथे जाईल तिथे दुसऱ्या दिवशीपर्यंत हे नाव तिला चिकटलेलं असे. या वेळचं यंत्र होतं फक्त मेंदूचे फोटो काढणारं पेट स्कॅनर. नेहमीच्या स्कॅनरच्या बोगद्यात अख्खा माणूस जातो. यात फक्त डोकं जायचं, पार्लरात केस वाळवायला बसावं तसं. शिरेतून दिलेलं औषध मेंदूच्या कामात असलेल्या भागांत जमतं, तिथून किरण निघतात आणि डोक्याभोवतीचं स्फटिकांचं कडं ते टिपतं. कामाचा भाग उजळ दिसतो, सुस्तावलेला काळा.

काल यंत्राने तिला खूश केलं होतं. केसासारख्या बारीक नळ्या एकमेकींत न मिसळता सुट्या दिसल्या. अगदी मंद किरणही त्याच्या तावडीतून सुटले नाहीत. उरली होती सगळ्यात सोपी परीक्षा. पाण्याने भरलेली गोल बरणी आत ठेवायची. पाणी सगळीकडे एकसारखं, तेव्हा चित्रही एकसारखं करडं यायला हवं.

पण त्या करड्या रंगात कवटीसारखं एक उजळ कडं उमटलं होतं. कड्याच्या आत डोळ्यांच्या दोन काळोख्या खोबणी होत्या, मध्ये नाकाची पोकळी. जबडा धुक्यात विरावा तसा खाली विरून गेला होता.

“या बरणीला तुमच्या धंद्यात फँटम म्हणतात ना?” ताई म्हणाल्या. “म्हणजे भूतच. मग ते दिसलं तर तक्रार तरी कुणाकडे करायची?” त्या हसल्या, पण हात मात्र त्यांनी ॲप्रनच्या खिशातून बाहेर काढले नाहीत.

मोजणीबाई पडद्याकडे बघत राहिली. गेलं वर्षभर तिला रिकाम्या जागी माणसं दिसत होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वडील गेल्यापासून बसस्टॉपवर, दुकानाच्या काचेत, एखाद्या पाठमोऱ्या मानेत ती त्यांना ओळखत असे आणि मग ती मान वळे. पण हे ताईंनाही दिसत होतं. तेव्हा हे तिचं एकटीचं दुखणं नव्हतं.

विभागप्रमुख डॉक्टर आले, चष्मा वर करून त्यांनी चित्र पाहिलं आणि आधी दार लावून घेतलं. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं ते असं. यंत्र अजून पास झालेलं नसलं तरी मागच्या आठवड्यात एका मुलीचा फोटो त्यावर काढला होता. कॉलेजातली मुलगी, लहानपणापासून फिट्स येणारी, औषधांना दाद न देणारी. फोटोत उजव्या कानाच्या वर काळा डाग दिसला. तिथूनच फिट्स उठतात असं ठरलं. शल्यविशारद उद्या तेवढा भाग कापून काढणार होते, आणि त्याआधी त्यांना एकच गोष्ट लेखी हवी होती: यंत्र विश्वासाचं आहे.

“म्हणजे आज संध्याकाळपर्यंत तुम्ही हो म्हणायचं की नाही म्हणायचं ते सांगा,” डॉक्टर म्हणाले. “हो म्हणालात आणि यंत्र खोटं निघालं, तर चांगला मेंदू कापला जाईल. नाही म्हणालात आणि यंत्र खरं निघालं, तर मुलीचा शस्त्रक्रियेचा नंबर गेला. पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही, आणि मागची फिट तिला न्यायलाच आली होती. तिचे उजव्या बाजूचे केस आज सकाळी काढलेत.”

२

चेहऱ्याबद्दल तिघांची तीन मतं होती आणि प्रत्येकाच्या मतात दोषी दुसराच कुणीतरी होता.

डॉक्टरांचा रोख ताईंवर. औषध नीट ढवळलं नसणार, किंवा आधीच्या रुग्णाचं काही सांडलेलं राहिलं असणार. मोजणीबाईने ऐकून घेतलं. सांडलेलं औषध दोन तासांच्या आतच निम्मं होतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत नावालाही उरत नाही. शिवाय सांडलेल्या औषधाला डोळ्यांच्या खोबणी नसतात. डॉक्टरांना हे तिच्याहून चांगलं माहीत होतं. ते घाईत होते, आणि घाईतल्या माणसाला जवळचं माणूसच आधी सापडतं.

कंपनीचा इंजिनिअर बरणीवर घसरला. परवानग्यांपायी दीड-दोन वर्षं रखडलेलं हे यंत्र बसवायला तो महिनोन्‌महिने इथे राहिला होता, यंत्राला ‘ही’ म्हणायचा, आणि तिच्या शेजारी लग्नाच्या मुलीच्या बापासारखा हात जोडायच्या बेतात उभा असायचा. बरणीत बुडबुडा असेल, प्लास्टिकला तडा असेल, बरणी जुनी आहे, दुसरी मागवू या. हिच्यात काही नाही मॅडम, कालचे आकडे तुम्हीच पाहिलेत. एवढं सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि पाणी प्यायला गेला. न विचारता इतकं बोलणाऱ्या माणसाची तिने मनात नोंद घेतली.

ताई सगळ्यात कमी बोलल्या. त्यांना दोष बरणीवर ढकलायचा नव्हता आणि डॉक्टरांवरही. औषध त्यांनी मोजणीबाईच्या डोळ्यांदेखत ढवळलं होतं. ते तिला ठाऊक होतं.

“मला यातलं विज्ञान नका विचारू,” त्या म्हणाल्या. “मी याला हवं ते देते आणि बटण दाबते. सुरुवातीला फार छळायचं हे. मध्येच थांबायचं, हे आणा ते आणा म्हणायचं, लाल दिवा लावून बसायचं. आता शहाण्यासारखं वागतं. कधी म्हणून थांबत नाही.”

काय मागायचं, हे मोजणीबाई विचारणार तेवढ्यात शल्यविशारदांचा फोन आला, आणि ताई तो डॉक्टरांना द्यायला धावल्या.

३

तिने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि पद्धतशीर कामाला लागली.

चेहरा बरणीत असेल तर बरणी फिरवली की तो फिरायला हवा. तिने बरणी उलटी केली. नवं चित्र आलं, चेहरा सरळच. बरणी बोटभर डावीकडे सरकवली. पाण्याचा करडा गोल सरकला, चेहरा मात्र जागचा हलला नाही. आता तर तो बरणीच्या कडेतून डोकावल्यासारखा दिसत होता. तिने चित्र बंद केलं नाही. एक गोष्ट पक्की झाली होती. ताईंनी काही सांडलं नव्हतं आणि इंजिनिअरचा बुडबुडाही नव्हता. चेहरा बरणीत नव्हता.

मग तो स्फटिकांत असेल का? मेलेला स्फटिक चित्रात रेघ सोडतो, पट्टा सोडतो. चेहरा काढत नाही. तरी तिने स्फटिकांनी टिपलेले कच्चे किरण उघडून पाहिले, चित्र बनण्याआधीचे. साय धरलेल्या दुधासारखे सपाट, एकसारखे. यंत्राच्या डोळ्यांना फक्त पाणी दिसलं होतं.

म्हणजे डोळ्यांनी पाणी पाहिलं आणि पडद्यावर आला चेहरा. तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी मिसळला होता. हिशेबात.

आणि हिशेबात चेहरा कुठून येतो हे तिला माहीत होतं. मेंदूतून निघालेले किरण कवटीत अडतात. जिथे हाड जाड तिथे जास्त अडतात. म्हणून यंत्राला आधी त्या माणसाच्या डोक्याचा नकाशा द्यावा लागतो, सीटी स्कॅनवरून काढलेला: इथे हाड, इथे मांस, इथे पोकळी. जेवढे किरण हाडाने खाल्ले तेवढे यंत्र परत भरून देतं. बरणीला हाड नसतं, म्हणून बरणीचा नकाशा साधा गोल. पण बरणी ठेवून यंत्राला माणसाचा नकाशा दिला, तर? नसलेल्या हाडाची भरपाई होईल. हाडाच्या जागी उजळ कडं येईल, पोकळीच्या जागी काळोख. बरणीत कवटी दिसेल.

कुणाची तरी खरी कवटी. कुणाच्या तरी डोक्याचा नकाशा यंत्रात राहून गेला होता, आणि यंत्र तोच सगळ्यांवर चढवत होतं.

तिने चित्र मोठं केलं, आडव्या कापांत एकेक काप वर सरकत गेली. उजळ कडं डाव्या बाजूने अखंड होतं. उजव्या बाजूला, कानाच्या वर, ते तुटलं होतं. डबीच्या झाकणाएवढ्या भागात हाडच नव्हतं.

तिचा हात माउसवरून निघाला. अंगठा पडद्यावर त्या जागी गेला आणि बरोबर बसला.

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. तिच्या जन्माआधी एका इमारतीच्या शाफ्टमध्ये लोखंड त्यांच्या डोक्यावर आलं होतं आणि डॉक्टरांनी हाडाचा चुरा काढून टाकला होता. वर नुसती कातडी होती, खाली खळगा. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून ती त्या खळग्यात अंगठा दाबायची आणि ते विचारायचे, “बोला बाईसाहेब, कितवा मजला?”

४

दादाने फोन उचलला तेव्हा ती सरळ मुद्द्यावर आली. बाबांना शेवटी कुठे कुठे नेलं होतंस?

दादा याच शहरात राहायचा, वडील त्याच्याकडे असायचे. त्या वर्षी विस्मरणाच्या आजारापायी तो त्यांना मिळेल त्या दवाखान्यात घेऊन हिंडला होता. नावं आता त्यालाही आठवत नव्हती. पण एक नवं मशीन होतं, तो म्हणाला, नुसतं डोकं आत घालायचं. अजून सुरू व्हायचं होतं, चाचणीसाठी माणसं हवी होती, कुणीतरी ओळखीने बोलावलं. बाबा खुशीत होते. सारखे इंजिनिअरला विचारत होते, मोटार कुठे बसवली आहेस?

“त्याच फोटोनंतर सांगितलं ना आपल्याला,” दादा म्हणाला. “मेंदूतली ओळखीची जागाच विझली आहे म्हणून.”

तिला तो फोन आठवत होता. त्यानंतर दादाने तिचा फोन बाबांच्या कानाला लावणं सोडलं. उपयोग काय, तो म्हणाला, आणि तीही हो म्हणाली होती. पुढचे महिने ती दादाला विचारायची, जेवले का, झोपले का. स्वतः त्यांच्याशी ती पुन्हा बोलली नाही. मग ते गेले.

“का विचारतेस?” दादा म्हणाला. नंतर सांगते, म्हणून तिने फोन ठेवला.

आता पडद्यावर वडील होते, आणि तिच्या हातात होता यंत्राचा निकाल. एकच शब्द लिहायचा होता. यंत्र खोटं. तसं लिहिलं की मुलगी वाचली असती. आणि यंत्र खोटं तर वडिलांचा फोटोही खोटा. मग ओळखीची जागा विझली नसेलही, मग फोन कानाला लावला असता तर त्यांनी तिचा आवाज ओळखलाही असता. ते दुखणं असह्य होतं, आणि तरी तिला ते हवं होतं. न ओळखता गेलेल्या बापापेक्षा वाट पाहत गेलेला बाप तिला जवळचा वाटत होता.

तिने ताईंना हाक मारली. म्हटलं, मघाचा प्रश्न राहिला. सुरुवातीला यंत्र थांबायचं, तेव्हा मागायचं काय?

“नकाशा,” ताई म्हणाल्या. “बरणीचा आज मी दिलाच नाही. यंत्राने मागितला नाही, मला वाटलं त्याच्याकडे आहे.”

५

दुपारी तिने तिघांना यंत्राच्या खोलीत बसवलं. बरणी मध्ये ठेवली. कुठलाही नकाशा दिला नाही. नियमाने यंत्राने इथेच अडून बसायला हवं, तिने सांगितलं आणि बटण दाबलं.

यंत्र अडलं नाही. काही वेळाने पडद्यावर चेहरा आला.

मग तिने एकेक पायरी मांडली: फिरलेली बरणी, न फिरलेला चेहरा, सपाट कच्चे किरण. कुणीतरी यंत्राला सांगून ठेवलं होतं की नकाशा आला नाही तर हा एक घे आणि पुढे हो. ताईंनी सांगितलं नसणार; यंत्र अडत नाही याचंच त्यांना कौतुक होतं. डॉक्टरांना यंत्राच्या पोटात हात घालता येत नव्हता. ते एकालाच येत होतं.

इंजिनिअर उभा होता तो खाली बसला.

“हिला बघायला पाहुणे आले होते, मॅडम,” तो म्हणाला. “सीटी पलीकडच्या इमारतीत. नकाशा यायला उशीर झाला आणि ही लाल दिवा लावून बसली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार होते. म्हणून मी एक नकाशा आत ठेवून दिला, तात्पुरता. ताब्यात देण्याआधी काढणार होतो. विसरलो.”

“कुणाचा ठेवलास?”

“आदल्या दिवशी एक आजोबा आले होते. त्यांचा नकाशा स्वच्छ आला होता. मला वाटलं, डोकं ते डोकं.”

त्या आजोबांच्या उजव्या कानावर हाड नव्हतं, तिने सांगितलं. डोकं ते डोकं नसतं.

डॉक्टरांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. मुलीचा फोटो लवकर काढा म्हणून त्यांनीच तगादा लावला होता. सीटीवाल्यांनी नकाशा पाठवला तो फोटो झाल्यावर. ताईंना वाटलं, आला नसता तर यंत्र अडलं असतं. यंत्राने गपचूप आजोबांचं डोकं घेतलं. मुलीच्या उजव्या कानावर धडधाकट हाड होतं, त्याने किरण अडवले. पण नकाशात तिथे हाडच नाही, म्हणून यंत्राने भरपाई केली नाही. तिथे काळा डाग पडला. उद्या कापायचा होता तो डाग मुलीचा नव्हताच.

“म्हणजे यंत्र नापास,” डॉक्टर म्हणाले.

तिने बरणी बाहेर काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात कुणीतरी दुसरं काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “यंत्र उत्तम आहे. त्याने जे पाहिलं ते बरोबर पाहिलं. चूक फक्त उसन्या नकाशाची. ज्यांना त्यांचा स्वतःचा नकाशा मिळाला, त्यांचे फोटो खरे आहेत.” मग तिने इंजिनिअरला विचारलं, “त्या आजोबांना त्यांचाच नकाशा होता ना?”

“हो. त्यांचाच.”

“मग त्यांचाही खरा आहे.” हे वाक्य तिने बाकीच्या निष्कर्षांच्याच आवाजात म्हटलं. तिघांपैकी कुणालाच त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही.

मुलीचे कच्चे किरण यंत्रात जपलेले होते. ताईंनी मुलीचा स्वतःचा नकाशा शोधून दिला आणि चित्र नव्याने तयार झालं. उजव्या कानावरचा डाग पुसून गेला होता. डाव्या बाजूला, खोलात, वाटाण्याएवढी एक जागा काळवंडलेली दिसत होती. आधीच्या चित्रात मोठ्या डागापुढे तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. शल्यविशारद आले, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बराच वेळ बघत उभे राहिले. उद्याची शस्त्रक्रिया रद्द करा, म्हणाले. नव्या जागेचा आधी नीट अभ्यास करू. मुलीचा नंबर मात्र जाऊ द्यायचा नाही.

इंजिनिअरने उसना नकाशा काढायला घेतला. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. बरणीचं चित्र पुन्हा आलं तेव्हा ते एकसारखं करडं होतं, अगदी हवं तसं, आणि ती खोली तिला आजवर पाहिलेल्या सगळ्या खोल्यांहून रिकामी वाटली.

६

मुलीला सांगायला डॉक्टर तिलाही बरोबर घेऊन गेले. मुलगी खिडकीपाशी बसली होती. डोक्याच्या डाव्या बाजूला खांद्यापर्यंत केस, उजवीकडे नुसती पांढरी कातडी. तिची मावशी शेजारी बसून सफरचंद कापत होती.

डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. चूक कशी झाली आणि आता काय करायचं, ते त्यांनी सरळ सांगितलं. मावशी आधी रडली, मग संतापली, मग डॉक्टरांना घेऊन बोलायला बाहेर गेली. तिचा आवाज व्हरांड्यातून बराच वेळ ऐकू येत होता आणि डॉक्टरांचा अजिबात नाही.

मुलगी केस काढलेल्या जागेवरून हात फिरवत होती.

“फुकट गेले,” ती म्हणाली. “निदान दोन्हीकडचे तरी काढायचे.” मग तिने विचारलं, “तो डाग कुणाचा होता?”

मोजणीबाईने हे अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. रुग्णाची माहिती बाहेर द्यायची नसते, हेही तिला माहीत होतं. पण इथे परवानगी देणारी तीच होती.

“माझ्या वडिलांचा,” ती म्हणाली. “ते आता नाहीत.”

मुलीचा फिरणारा हात थांबला. तिचे कान लाल झाले.

“मग एक सांगू? हसू नका. हा डाग सापडल्यापासून मी रोज त्याच्याशी बोलायचे. मावशी झोपली की. आधी शिव्याच घातल्या, बारा वर्षं छळलंस म्हणून. मग कीव आली. काही झालं तरी माझाच तुकडा, आणि आता त्याला काढून टाकणार. म्हणून त्याला सगळं सांगत बसायचे. घाबरू नकोस, दुखणार नाही, झोपेतच होईल. कॉलेजात काय झालं ते. कुणाशी भांडले ते.” ती थांबली. “त्यांना चाललं असेल ना?”

औषध, हाड, किरण, हिशेब: मोजणीबाईकडे या प्रश्नाचं उत्तर होतं आणि ते अचूक होतं. ते तिने दिलं नाही. तिने मावशीचं स्टूल पुढे ओढलं आणि मुलीच्या उजव्या बाजूला, अगदी जवळ बसली.

“काय काय सांगितलंस?” तिने विचारलं. “पहिल्यापासून सांग. मला घाई नाही.”